बँड का उघडतो, का मिटतो: सूर्य आणि हॅम रेडिओ

गच्चीवर ताणलेली साधी डायपोल (दोन तारांची अँटेना), ५० वॉटचा सेट आणि सकाळचे अकरा. २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १० मीटर बँडवर (बँड म्हणजे वारंवारितांचा पट्टा), जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया एकामागून एक ऐकू येतायत. दुसऱ्या दिवशी तीच अँटेना, तोच सेट, तीच वेळ, आणि बँडवर नुसती खरखर. नुकताच परवाना मिळालेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, अशा वेळी आधी कनेक्टर उघडून बघतो, मग एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचं माप) मोजतो, मग शेजारच्या गच्चीवर नवीन काय बसवलंय याची चौकशी करतो. बिघाड बहुतेक वेळा यातल्या कशातच नसतो. जमिनीपासून तीनशे किलोमीटर वर हवेची विद्युत अवस्था बदललेली असते, आणि ती बदलणारा सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर असतो.

हे सगळं समजावणारी माहिती इंग्रजीत भरपूर आहे. पण तिच्यातले बहुतेक ठोकताळे अमेरिकेत किंवा युरोपात बसून बांधलेले आहेत. पुणे, नाशिक, पणजी, नांदेड ही ठिकाणं चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाहीत, त्यामुळे सूर्याचा तोच आकडा आपल्याकडे वेगळा अर्थ सांगतो. म्हणून मूळ यंत्रणा नीट समजून घ्यावी आणि मग आकडे आपल्या अक्षांशावरून वाचावेत, असं माझं ठाम मत आहे.

लहर परत येते कशी

रेडिओलहर सरळ जाते, पृथ्वी गोल आहे. त्या हिशेबाने पुण्याहून निघालेली लहर टोकियोला पोचायलाच नको. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या पोल्ढूहून निघालेला सिग्नल आपण अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकला, असं मार्कोनीने जाहीर केलं, तेव्हा हा पेच सगळ्यांपुढे आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, वातावरणात वर कुठेतरी वीज वाहून नेणारा थर असला पाहिजे असं सुचवलं. १९२४ मध्ये ॲपलटनने तो प्रयोगाने दाखवला आणि १९४७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

हौशी मंडळी मात्र नोबेलसाठी थांबली नव्हती. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं होतं, कारण त्या लहरी दूरच्या कामाच्या नाहीत असा तेव्हाचा समज होता. त्याच टाकाऊ ठरवलेल्या लहरींवर नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशींनी अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला. हॅम मंडळींना या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे.

सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांचा पट्टा म्हणजे आयनांबर, अर्थात आयनोस्फिअर. त्यात थर आहेत. साधारण ६० ते ९० किलोमीटरवर डी, १०० ते १२० च्या आसपास ई, आणि त्याच्या वर एफ. दिवसा एफचे एफ-१ आणि एफ-२ असे दोन भाग होतात, रात्री ते एक होतात. दूरचं बोलणं प्रामुख्याने एफ-२ मुळे होतं. तो २५० ते ४०० किलोमीटरवर असतो आणि तिथली हवा इतकी विरळ असते की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा जोडीदार मिळायला वेळ लागतो, म्हणून सूर्य मावळल्यावरही हा थर बराच काळ टिकून राहतो.

डी थराचं काम उलट आहे. तिथे हवा दाट, त्यामुळे लहरीने हलवलेला इलेक्ट्रॉन लगेच शेजारच्या रेणूवर आदळतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे डी थर लहर वळवत नाही, गिळतो. किती गिळतो हे वारंवारितेवर ठरतं: वारंवारिता दुप्पट केली की शोषण साधारण पावपट होतं. बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून असतं, लांबी जास्त तितकी वारंवारिता कमी; म्हणून भर दुपारी ८० मीटर बँड दूरच्या कामाला येत नाही, १० मीटरवर डी थराचा फारसा त्रास नसतो. सूर्य मावळला की डी थर झपाट्याने विरतो आणि ४०, ८०, १६० मीटर जागे होतात. शॉर्टवेव्हवर रात्री दूरची स्टेशनं लागायची, ती याच कारणाने.

एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे: लहर वळवणारा थर आणि लहर गिळणारा थर, दोन्ही सूर्यच बनवतो. ‘सूर्य सक्रिय म्हणजे कंडिशन्स चांगल्या’ हे वाक्य इथेच अर्धवट ठरतं.

नागपूर ऐकू येतं, कोल्हापूर नाही

एफ-२ थर कोणती लहर परत पाठवेल हे तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरतं. एका घनसेंटिमीटरमध्ये १० लाख सुटे इलेक्ट्रॉन असतील तर सरळ वर पाठवलेली ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर खाली येते, त्याहून वरची आरपार अवकाशात निघून जाते. या सीमेला क्रांतिक वारंवारिता म्हणतात. ती दुप्पट व्हायची तर इलेक्ट्रॉन चौपट लागतात.

पण लहर तिरकी पाठवली की सीमा वाढते. तलावात चपटा दगड उभा टाकला तर बुडतो, पाण्यालगत आडवा फेकला तर टप्पे घेत जातो, तसंच. सुमारे ३००० किलोमीटरच्या एका टप्प्यासाठी क्रांतिक वारंवारितेच्या ढोबळमानाने तिप्पट वारंवारितासुद्धा चालते. एखाद्या मार्गावर चालणारी ही वरची मर्यादा म्हणजे एमयूएफ. क्रांतिक वारंवारिता ९ असेल तर लांबच्या टप्प्याला २७ च्या आसपास मिळते, म्हणजे १० मीटर बँड अगदी उंबरठ्यावर.

आता हे महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून बघू. सकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झ) गप्पांचं नेट, म्हणजे एका वारंवारितेवर जमणारा हॅमचा कट्टा, भरलंय. पुण्याहून कोल्हापूर हवाई अंतराने दोनशे किलोमीटर, नागपूर सुमारे ६२० किलोमीटर. थर ३०० किलोमीटरवर धरला, तर कोल्हापूरला पोचणारी लहर जवळजवळ उभीच वर जाते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तिथे क्रांतिक वारंवारिता पावणेसातच्या घरात हवी. नागपूरची लहर बरीच तिरकी जाते, तिला पाचच्या आसपास भागतं. सूर्योदयाच्या आधी क्रांतिक वारंवारिता दिवसातली सर्वांत कमी असते आणि सूर्य वर आला की भराभर चढते. मधल्या वेळात ती साडेपाचला असते तेव्हा पुणेकराला नागपूर खणखणीत ऐकू येतं आणि कोल्हापूर गायब असतं. कोल्हापूरचा माणूस सेट बंद करून बसलेला नसतो. त्याचा सिग्नल पुण्यावरून उडी मारून पुढे गेलेला असतो. याला स्किप म्हणतात. थोडं थांबलं, आकडा सातला टेकला, की कोल्हापूर बँडवर उगवतं. नेट चालवणारे जुने हॅम ‘जरा ऊन वर येऊ दे’ म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

अकरा वर्षांची चढउतार

सूर्यावर डाग कमीजास्त होण्याचं चक्र आहे, हे जर्मनीच्या श्वाबे यांनी १८४३ मध्ये मांडलं. ते साधारण अकरा वर्षांचं असतं. चक्रांची मोजणी १७५५ पासून धरतात आणि सध्या पंचविसावं चालू आहे. ते डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. चक्र मवाळ जाईल, अनेक महिन्यांच्या सरासरीने गुळगुळीत केलेली सौरडाग संख्या जुलै २०२५ च्या सुमारास ११५ ला टेकेल, असा अधिकृत अंदाज होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्येच ती १६० वर गेली आणि ऑगस्ट २०२४ ची एका महिन्याची सरासरी तर २०० च्या पुढे होती. २०१९ मध्ये वर्षाच्या दोन तृतीयांशाहून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता, हे शेजारी ठेवलं की फरक लक्षात येतो. १० मीटर बँड ज्यांनी २०१९ मध्ये पहिल्यांदा लावला आणि मेलेला समजून सोडून दिला, त्यांनी २०२४ मध्ये तो पुन्हा लावला असता तर कानांवर विश्वास बसला नसता.

डाग स्वतः आयनांबर बनवत नाहीत. डागांच्या आसपासचे तापलेले, चुंबकीय दृष्ट्या गुंतागुंतीचे भाग अतिनील किरणं ओततात आणि ती एफ-२ थर दाट करतात. ही किरणं वातावरणात वरच अडतात, जमिनीवरून मोजता येत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी १०.७ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे २८०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी मोजतात. हा रेडिओ आवाज अतिनील किरणांच्या बरोबरीने वरखाली होतो आणि ढग असोत की पाऊस, तो मोजता येतो. कॅनडात १९४७ पासून ही मोजणी चालू आहे, आधी ऑटावाला, आता ब्रिटिश कोलंबियातल्या पेंटिक्टनला. हाच तो सोलर फ्लक्स, हॅमच्या भाषेत एसएफआय. सूर्य निवांत असताना ६५-७० आणि जोरात असताना २०० च्या पुढे.

इथे एक घाई टाळावी. फ्लक्स आज १५० वरून १८० झाला म्हणून आज संध्याकाळी बँड उजळेल असं नसतं. थर काही दिवसांच्या सरासरीला साथ देतो. आठवडाभर फ्लक्स चढा राहिला तर फरक जाणवतो. आणि सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून एखादा आठवडा फार छान गेला तर वहीत तारीख टिपून चार आठवड्यांनी पुन्हा बघावं. तोच सक्रिय भाग फिरून समोर आलेला असू शकतो.

ऋतूंचाही हात आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, दिवस-रात्र समान असण्याच्या आसपासचे महिने, दूरच्या संपर्काला उत्तम. मे ते जुलै या काळात ई थरात अचानक दाट ढग तयार होऊन १० आणि ६ मीटर तासभर उघडतात, ते वेगळं प्रकरण आहे. त्याचा सौरचक्राशी थेट हिशेब लागत नाही.

आठ मिनिटांत पोचणारं संकट

सूर्याकडून त्रास तीन वेगांनी येतो. हे तीन वेग ओळखता आले की गोंधळ बराच कमी होतो.

पहिला, प्रकाशाच्या वेगाने. सौरज्वाला (सूर्यावरचा ऊर्जेचा स्फोट) भडकली की तिची क्ष-किरणं सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि थेट डी थरात घुसून तो फुगवतात. ज्वालांची प्रतवारी ए, बी, सी, एम, एक्स अशी, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एम-१ पासून रेडिओवर परिणाम जाणवू लागतो, एक्स-१ पासून सूर्यप्रकाशातल्या बाजूचा शॉर्टवेव्ह मोठ्या भागात सुमारे तासभर बंद पडू शकतो.

रेडिओसमोर बसलेल्याला हे कसं दिसतं? सेटच्या पडद्यावर वॉटरफॉल, म्हणजे बँडवरचे सिग्नल रेषांसारखे दाखवणारा पट्टा, चालू असतो. ४० मीटरवरच्या रेषा आधी फिक्या होतात, काही मिनिटांत नाहीशा. मग २० मीटर. जोरदार ज्वाला असेल तर १५, शेवटी १०. विशेष म्हणजे नेहमीची खरखरही खाली बसते, कारण दूरच्या विजांचा आवाजही त्याच डी थरातून येत असतो आणि तोही गिळला जातो. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरची सुई पडते, बँड चिडीचूप, आणि अँटेनाची वायर तुटली अशी शंका हमखास येते. परतीचा क्रम उलटा: आधी १० मीटर, सर्वांत शेवटी ४० आणि ८०. म्हणून अशा वेळी वरच्या बँडवर जायचं. तिथे काहीच नसेल तर अर्धा तास चहा घ्यायचा आणि परत यायचं.

ज्वाला दिवसाची बाजूच गाठते, रात्रीची नाही. १४ मे २०२४ ला एक्स-८.७ ची ज्वाला आली. कमाल १६:५१ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे आपल्याकडे रात्री १०:२१ ला. अमेरिकेचा शॉर्टवेव्ह कोलमडला, आपल्याकडे डी थरच नव्हता, फुगणार काय? उलट ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स-९.० ज्वाला १२:१८ यूटीसीला, आपल्या संध्याकाळी ५:४८ ला होती. सूर्य मावळतीला आलेला पण क्षितिजावर होता, पश्चिमेकडचे मार्ग तर भर उन्हातून जाणारे. म्हणून इशारा वाचताना पहिल्यांदा यूटीसीत साडेपाच तास मिळवायचे आणि आपला सूर्य कुठे आहे ते बघायचं.

याची किंमत किती असू शकते ते ६ सप्टेंबर २०१७ ने दाखवलं. कॅरिबियन बेटांवर इर्मा हे महाभयंकर चक्रीवादळ आदळत होतं, फोन आणि वीज गेलेली, आणि हौशी रेडिओची आणीबाणीची नेट शॉर्टवेव्हवर काम करत होती. त्याच दिवशी १२:०२ यूटीसीला, तिथल्या सकाळी, एक्स-९.३ ची ज्वाला भडकली. मदतीसाठी बोलणाऱ्यांचा शॉर्टवेव्ह ऐन गरजेच्या वेळी गप्प झाला. तेव्हाचं सौरचक्र उताराला, जवळजवळ तळाला लागलेलं होतं. डाग थोडे असले म्हणजे मोठी ज्वाला येणार नाही, हे गृहीत धरता येत नाही. आपत्कालीन संपर्काची तयारी करणाऱ्या प्रत्येक गटाने हा दिवस अभ्यासावा असं मला कळकळीने वाटतं. एकाच बँडवर, एकाच मार्गावर सगळी भिस्त ठेवू नये, जवळच्या संपर्कासाठी व्हीएचएफची (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींची) सोय हाताशी असावी. तिला ना एफ-२ लागतो ना डी अडवतो.

ज्वालेसोबत कधीकधी सूर्य स्वतःच रेडिओ आवाज करतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्करी रडारांवर अचानक गोंगाट भरला. शत्रूचं जॅमिंग असावं असं वाटलं. जे. एस. हे यांनी दिशा तपासल्या तेव्हा आवाज सूर्याकडून येत होता. आजही १० मीटरवर दिवसा एकाएकी फुसफुस वाढली आणि ओसरली तर सूर्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

दोन दिवसांनी येणारं वादळ

दुसरा त्रास वेगवान प्रोटॉनांचा. ते दहावीस मिनिटांपासून काही तासांत पोचतात, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं आणि ध्रुवांवरचा डी थर दिवसचे दिवस जाड राहतो. आपल्या डोक्यावर त्यांचा परिणाम नाही, पण आपल्या मार्गांवर आहे. ते पुढे बघू.

तिसरा, सूर्याने फेकलेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा ढग, सीएमई. त्याला यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, ऊर्जा आत ओतली जाते आणि भूचुंबकीय वादळ उठतं. हे मोजायला के निर्देशांक आहे, दर तीन तासांनी, ० ते ९. पाच झाला की वादळाची पहिली पायरी जी-१, नऊ म्हणजे जी-५. दिवसभराचा हिशेब ए निर्देशांकात येतो. हॅमसाठी के दोनच्या आत असला की निर्धास्त, चारला सावध.

अशा वादळाची एक जुनी आणि फार मोलाची नोंद मुंबईत झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांचं चित्र काढताना पांढरी ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर थडकला. २ सप्टेंबरला कुलाबा वेधशाळेतल्या उपकरणांवर चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला खाली कोसळलेला नोंदला गेला. एरवी मोठ्या वादळातही ही घट काहीशेची असते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजणी बिघडेल म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे ती आज आहे आणि नोंदी अजून चालू आहेत. अलिबागला समुद्रावर जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण कशाच्या शेजारून चाललोय याची कल्पना असते.

१० मे २०२४ ला आलेलं वादळ जी-५ होतं, २००३ नंतरचं पहिलं. लडाखमधल्या हान्लेहून आकाशात लाल झळाळी टिपली गेली. असे ढग वाटेतच हेरायला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी (सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरच्या, यान टिकून राहू शकेल अशा जागेपाशी) अवकाशयानं ठेवलेली आहेत. तिथून ढग पुढे सरकला की आपल्याला साधारण अर्धा ते एक तासाची सूचना मिळते. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आपलं आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून त्याच भागात फिरतंय. त्यावरची अतिनील दुर्बीण ‘सूट’ पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवली आहे. आपले बँड उघडणाऱ्या अतिनील किरणांहून लांब लहरींच्या अतिनील प्रकाशात ती सूर्याची चित्रं घेते.

आपल्या अक्षांशावरून

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंबाची जागा रॉकेटसाठी निवडली ती याच कारणाने. दिवसा या रेषेवर विद्युत क्षेत्र प्लाझ्माला वर उचलतं आणि मग तो चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरत खाली येतो. परिणामी विषुववृत्तावर दाटी थोडी कमी आणि दोन्ही बाजूंना पंधरा-वीस अंशांवर दाटीचे दोन डोंगर. उत्तरेकडचा डोंगर साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येतो. महाराष्ट्र त्याच्या दक्षिण उतारावर आहे.

याचा अर्थ, आपल्या डोक्यावरचा एफ-२ थर युरोपच्या तुलनेत बहुतेक काळ दाट असतो. चक्राच्या शिखरावर दुपारनंतर क्रांतिक वारंवारिता १२ मेगाहर्ट्झच्या वर जाणं आपल्याकडे नवल नाही. ‘१० मीटरला १२०-१५० फ्लक्स हवा’ हा परदेशी ठोकताळा वाचून सेट बंद ठेवू नये. दक्षिणपूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, आखात या दिशांना बँड त्याहून कमी फ्लक्सवरही उघडतो. ज्या मार्गाचं दुसरं टोकही उष्ण पट्ट्यात आहे, तिथे दोन्ही टप्प्यांना दाट थर मिळतो.

अमेरिकेचं तसं नाही. नकाशावर ती पश्चिमेला दिसते, पण गोलावर दोरी ताणून बघा. मुंबईहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट वायव्येकडे रशियावरून, स्कँडिनेव्हियावरून, आइसलँडच्या आसपास ६५ अंश उत्तरेपर्यंत जाते. लॉस एंजलिसची तर जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच. ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा नेमका तिथेच आहे. म्हणून प्रोटॉन आले किंवा के चढला की आपल्याकडे सर्वांत आधी अमेरिका जाते आणि सर्वांत शेवटी परत येते. त्याच वेळी सिंगापूर किंवा नैरोबी जणू काही झालंच नाही असं बोलत असतं. के पाच दिसला म्हणून निराश व्हायचं कारण नाही, अँटेना दक्षिणेला फिरवायची.

वादळात आपल्या वरचा थर नेमका कसा वागेल हे मात्र कोणीही छातीठोक सांगू नये. वादळ आपल्या दिवसा सुरू झालं तर प्लाझ्मा उचलणारं ते विद्युत क्षेत्र जोर धरून थर आणखी दाट होऊ शकतो आणि १० मीटर अनपेक्षित उजळतो. काही तासांनी तेच क्षेत्र उलटून थर पातळ होतो. शिवाय वादळ नसतानाही शिखराच्या वर्षांत, दिवस-रात्र समान असण्याच्या महिन्यांत, सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडून प्लाझ्माचे पोकळ बुडबुडे वर चढतात. त्यांच्यातून आलेला आवाज थरथरतो, पाण्याखालून बोलल्यासारखा लागतो. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान असा आवाज आला तर समोरच्याच्या सेटला दोष देऊ नये. त्याच वेळी जीपीएसलाही अधूनमधून गचके बसतात.

बँड तपासायचा कसा

आकड्यांपेक्षा मी बीकनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खुणेचा सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांवर, जास्त विसंबतो. जगभरात अठरा बीकनांची एक साखळी आहे: १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत सगळ्यांची पाळी पूर्ण. सगळे कायम चालू असतीलच असं नाही, पण पुरेसे असतात. आपली खूण मोर्समध्ये पाठवून बीकन एकेका सेकंदाचे चार डॅश देतो. खूण आणि पहिला डॅश १०० वॉटवर, दुसरा १०, तिसरा १ आणि चौथा वॉटच्या दशांशावर. श्रीलंकेचा ४एस७बी बीकन २८.२०० वर ऐकताना पहिला डॅश स्पष्ट, दुसराही, तिसरा कान देऊन, चौथा नाही. म्हणजे त्या दिशेला एक वॉटही पोचतोय. ५० वॉटवाल्याने आणखी कसली वाट बघायची?

दुसरा मार्ग एफटी८, म्हणजे संगणकाने पाठवायचे आणि वाचायचे छोटे डिजिटल संदेश. जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये तो आणला. हे तेच टेलर, ज्यांना नव्या प्रकारच्या पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओस्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. पंधरा सेकंदांचे तुकडे, आणि खरखरीच्या खाली गाडलेला सिग्नलही संगणक उलगडतो. २८.०७४ वर हाक दिली आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर पाहिलं की आपला सिग्नल या क्षणी कुठे कुठे पोचला ते दिसतं. एफटी८ ला यांत्रिक म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला त्याचं मोल वेगळं वाटतं: बंद समजलेले कितीतरी बँड प्रत्यक्षात उघडे होते, फक्त कोणी बोलावत नव्हतं, हे त्याने उघड केलं. मात्र एफटी८ वर दिसलेलं स्टेशन आवाजी बोलण्यात ऐकू येईलच असं नाही, एवढं भान ठेवावं. ज्यांच्याकडे सेटच नाही त्यांना नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर रिसीव्हर ब्राउझरमधून फिरवता येतो. युरोपच्या कानांनी ऐकलेला २० मीटर आणि आपल्या गच्चीवरचा २० मीटर यांची तुलना फार शिकवून जाते.

पुढची काही वर्षं

शिखर सरलं की डाग ओसरतात, पण शांतता लगेच येत नाही. उताराच्या काळात सूर्याच्या प्रभामंडळातली (बाहेरच्या वातावरणातली) छिद्रं मोठी होतात, त्यांतून वेगवान सौरवारा सुटतो आणि दर २७ दिवसांनी के निर्देशांक वर जाण्याचा परिपाठ सुरू होतो. मोठ्या ज्वालाही उतारावर येतात. गेल्या शतकाच्या शेवटी सुरू झालेलं चक्र २००१ च्या सुमारास शिखराला होतं, आणि त्यातली गाजलेली वादळं २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली.

पुढचा तळ २०३० च्या आगेमागे अपेक्षित आहे. बँड वरून खाली मिटत येतील: आधी १०, मग १२ आणि १५. आपल्याकडे ते युरोपपेक्षा उशिरा मिटतील, दक्षिणेच्या दिशांना तर तळातही अधूनमधून उघडतील. ४० मीटरच्या सकाळच्या नेटवर कोल्हापूर आणखी उशिरा उगवायला लागेल, आणि काही पहाटे नागपूरही पुण्यावरून उडी मारून जाईल. त्या वर्षांसाठी ८० मीटरची डायपोल आत्ताच बांधून ठेवलेली बरी. तिला साधारण ४० मीटर वायर लागते. गच्ची एवढी लांब नसेल तर मध्यभाग उंच बांबूवर आणि दोन्ही टोकं खाली उतरती बांधली, तरी जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या संपर्काला ती उत्तम चालते, कारण तिथे लहर सरळ वरच जायला हवी असते. टोकांना पाठवताना जास्त व्होल्टेज असतं, म्हणून ती हात पोचेल त्याच्या वर ठेवा.